चौकटीतून जाणारे निरोप

मायस्पेस या समाजमाध्यमावर आपलं पान हवं तसं सजवायची मुभा होती. रंग, चित्रं, गाणी, जमेल तेवढं एचटीएमएल टाकून लोक आपापली पानं नटवायचे. जावास्क्रिप्टला मात्र बंदी होती आणि ती गाळून टाकणारी चाळणी मायस्पेसने सर्व्हरवर बसवली होती. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार या १९ वर्षांच्या मुलाने त्या चाळणीतून वाट काढली. चाळणी ‘जावास्क्रिप्ट’ हा अखंड शब्द शोधायची. सॅमीने तो मधोमध तोडला. ‘जावा’ एका ओळीवर आणि ‘स्क्रिप्ट’ पुढच्या ओळीवर. चाळणीला तो ओळखू आला नाही, पण काही ब्राउझर इतके उदार होते की त्यांनी दोन्ही तुकडे जोडून वाचले आणि सांगितलेलं काम केलं. सॅमीचं पान जो उघडेल त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जायची आणि तोच कोड त्या माणसाच्याही पानावर चिकटायचा. वीस तासांत दहा लाखांहून जास्त खात्यांपर्यंत लागण पोचली. शेवटी मायस्पेसला साइटच काही काळ बंद ठेवावी लागली.

नव्या प्रोग्रामरांना शिकवताना मी सुरुवात याच प्रसंगापासून करतो. परक्याचा कोड आपल्या पानात मिसळला की ब्राउझरच्या लेखी तो परका राहत नाही. पानावरचा सगळा कोड हा पानाच्या मालकाचाच, असा ब्राउझरचा सरळ हिशोब आहे. वापरणाऱ्याचं लॉगिन, त्याचे संदेश, त्याची मित्रयादी, जे जे मालकाला दिसतं ते त्या कोडलाही दिसतं.

आणि तरीही समाजमाध्यमांना परक्यांचा कोड हवाच असतो. सगळे खेळ, सगळ्या प्रश्नमंजुषा, सगळी कोडी एका कंपनीने कुठवर लिहायची? बाहेरच्यांनी लिहावीत, आपल्या पानावर चालवावीत, आपल्या मित्रमंडळींत खेळली जावीत. हे जमवायचं आणि मायस्पेससारखी आफतही ओढवू द्यायची नाही, यासाठी जी वस्तू कामी आली ती त्याआधीच नऊ वर्षं ब्राउझरमध्ये पडून होती. तिचं नाव आयफ्रेम.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ३ मध्ये आयफ्रेम आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४ च्या प्रमाणात तिला जागा मिळाली. एका पानाच्या मधोमध एक चौकोन आखायचा आणि त्यात दुसरं पान दाखवायचं, एवढंच तिचं काम. खरी ताकद तिच्या जोडीला असलेल्या एका नियमात आहे. प्रत्येक पानाचा एक ‘ओरिजिन’ असतो. तो तीन गोष्टींनी ठरतो: एचटीटीपी की एचटीटीपीएस, डोमेन कोणतं आणि पोर्ट कोणतं. या तिन्ही जुळल्या तर दोन पानं एकमेकांच्या आत हात घालू शकतात. एक जरी वेगळी निघाली तर ब्राउझर मध्ये भिंत उभी करतो. बाहेरच्या पानाला चौकटीतला मजकूर वाचता येत नाही आणि चौकटीतल्या पानाला बाहेरचा. दोन्ही एकाच पडद्यावर, एकमेकांना खेटून, आणि तरी एकमेकांना आंधळी. नेटस्केपने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जावास्क्रिप्ट आणली तेव्हापासून हा नियम वेबचा पाया आहे.

चौकटीतली ॲप बांधता बांधता माझं एक मत पक्कं झालं आहे. ही भिंत क्वचितच फुटते. जे बिघडतं ते भिंतीतून जाणाऱ्या निरोपांत बिघडतं. गेल्या वीस वर्षांतले गाजलेले घोटाळे काढून पाहिले तर बहुतेक ठिकाणी हेच दिसतं.

२४ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत मार्क झुकरबर्गने फेसबुक प्लॅटफॉर्म जाहीर केला तेव्हा बाहेरच्या ॲपसाठी दोन वाटा ठेवल्या होत्या. एक वाट आयफ्रेमची. दुसरी वाट फेसबुकने स्वतः घडवलेल्या एफबीएमएल नावाच्या भाषेची. या दुसऱ्या वाटेने तुमच्या सर्व्हरवरचा मजकूर फेसबुक आधी आपल्याकडे मागवून घ्यायचं, नको ते गाळायचं आणि मग आपल्याच पानात मिसळून दाखवायचं. म्हणजे पुन्हा चाळणीच, पण मायस्पेसपेक्षा फार काळजीपूर्वक विणलेली. तुमच्या जावास्क्रिप्टमधल्या प्रत्येक नावाच्या आधी फेसबुक तुमच्या ॲपचा क्रमांक जोडायचं. तुम्ही ‘गुण’ नावाचं व्हेरिएबल लिहिलंत तर पानावर ते ‘ए-बारा-तीन-पंचेचाळीस-गुण’ अशा थाटाच्या नावाने उतरायचं. त्यामुळे तुमचा कोड फेसबुकच्या खऱ्या वस्तूंना हात लावू शकत नसे, त्याला त्यांची नावंच उच्चारता येत नसत. कल्पना हुशार होती, पण तिची किंमत ॲप लिहिणाऱ्यांनी मोजली. जगात कुठेच न चालणारी एक बोलीभाषा शिकायची, आणि बाहेरची कुठलीही तयार लायब्ररी आत चालायची नाही. मार्च २०११ पासून फेसबुकने नवी एफबीएमएल ॲप घेणं थांबवलं आणि २०१२ मध्ये ती भाषा निवृत्त केली. आयफ्रेम तेवढी उरली.

त्या पहिल्या वर्षांत काय काय फोफावलं! कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांचा ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ फेसबुकवर इतका चालला की रोज पाच लाखांवर माणसं तो खेळत होती. स्क्रॅबलचे अमेरिकेतले हक्क असलेल्या हॅस्ब्रोने जुलै २००८ मध्ये दावा लावला आणि तो खेळ अमेरिका व कॅनडात बंद झाला. पण दोन भावांनी घरच्या घरी लिहिलेलं काही जगभरच्या माणसांच्या रोजच्या पानावर जाऊन बसू शकतं, हे त्याने दाखवून दिलं होतं. पुढच्याच वर्षी झिंगा कंपनीचं ‘फार्मव्हिल’ आलं आणि २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींवर लोक तिथे शेती करत होते.

गूगलने १ नोव्हेंबर २००७ रोजी ओपनसोशल नावाचं सामाईक प्रमाण पुढे आणलं. ऑर्कुट, मायस्पेस, हाय-फाइव्ह, लिंक्डइन, निंग असे कितीतरी मंच त्यात आले. मराठी माणसांचे गप्पांचे अड्डे तेव्हा ऑर्कुटच्या कम्युनिटींत भरत, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी चौकटीतलं पहिलं ॲप पाहिलं ते ऑर्कुटवर. एकदा ॲप लिहा आणि सगळ्या मंचांवर चालवा, असा त्या प्रमाणाचा वायदा होता. तो पुरता साधला नाही. प्रत्येक मंचाचं बारीकसारीक वेगळेपण आडवं आलं. पण यजमान पान आणि चौकटीतलं ॲप यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांनी एकत्र बसून गंभीरपणे हाताळला तो या निमित्ताने.

बोलायचं कशासाठी? भिंत घातली आहे तर आपापल्या जागी गप्प बसावं. उंचीचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण हे काम करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तिथेच अडतो. यजमानाने चौकटीला ६०० पिक्सेल उंची दिली. आत प्रश्नमंजुषेचा निकाल आला आणि मजकूर ८४० पिक्सेलचा झाला. यजमानाला ते कळत नाही, कारण आत डोकवायला त्याला मनाई आहे. ॲपला कळतं, पण चौकट यजमानाच्या पानावरची वस्तू असल्यामुळे ती ताणायचा अधिकार ॲपला नाही. मग चौकटीच्या आत दुसरा स्क्रोलबार उगवतो, ‘पुन्हा खेळा’ हे बटण खाली दडतं आणि मोबाइलवर बोट फिरवणाऱ्याला कळेनासं होतं की आपण कुठलं पान सरकवतो आहोत. यावर उपाय एकच. आतून बाहेर निरोप जायला हवा: प्रकार ‘उंची’, किंमत ८४०. ओपनसोशलमध्ये याच कामाचं एक फंक्शन होतं, आणि फेसबुकच्या लायब्ररीत तर आतली उंची दर १०० मिलिसेकंदांनी मोजून कळवत राहायची सोय होती.

एवढा साधा निरोपही किती गुंतागुंत करू शकतो, हे मी माझ्याच कामात पाहिलं. आमच्या एका ॲपचं पान ‘निदान पडद्याएवढं उंच’ असं बांधलेलं होतं आणि त्याखाली २० पिक्सेलची मोकळी जागा होती. चौकटीत असताना ‘पडदा’ म्हणजे चौकटच. ॲपने उंची मोजली, चौकटीपेक्षा २० जास्त भरली, निरोप गेला. यजमानाने चौकट २० ने वाढवली. मग ॲपचा पडदा वाढला, पान त्याबरोबर वाढलं, खालची जागा पुन्हा २० ने बाहेर, पुन्हा निरोप. दोघंही नेमून दिलेलं काम चोख करत होती आणि पान खाली खाली अथांग लांबत चाललं होतं. तेव्हापासून मोजायचं ते मजकुराला, पडद्याला कधीच नाही, हे मी सोडलेलं नाही.

आज असा निरोप पाठवायला एक ओळ पुरते. २००७ मध्ये ती ओळ बहुतेक ब्राउझरांत नव्हती, म्हणून लोकांनी एक विलक्षण युक्ती काढली होती. वेबच्या पत्त्यात शेवटी हॅशचं चिन्ह येतं आणि त्यापुढे पानातल्या एखाद्या जागेचं नाव. भिंतीपलीकडच्या चौकटीचा पत्ता वाचता येत नाही, पण बदलता येतो, आणि फक्त हॅशपुढचा भाग बदलला तर पान पुन्हा लोड होत नाही. मग बाहेरच्या पानाने हॅशपुढे निरोप लिहायचा आणि आतल्या पानाने दर काही क्षणांनी आपला पत्ता पाहत राहायचं: बदलला का, बदलला का. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पत्त्याची लांबी दोन हजार अक्षरांच्या आसपास संपायची, त्यामुळे मोठा निरोप तुकडे करून पाठवावा लागे. उलट दिशेला, म्हणजे ॲपकडून यजमानाकडे, किंवा फेसबुककडून बाहेरच्या साइटकडे बोलायचं तर निरोप घेणाऱ्याच्या डोमेनवरचं एक छोटं निरोप्या-पान मधल्या चौकटीत उघडावं लागे. २००८–०९ च्या सुमारास फेसबुकशी जोडलेली साइट बांधणाऱ्या प्रत्येकाच्या सर्व्हरवर ‘एक्सडी-रिसीव्हर’ नावाची एक चिमुकली फाइल असायची. ती कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ती नसली की काहीच चालत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

या सगळ्या खटाटोपाची जागा ‘पोस्टमेसेज’ने घेतली. एचटीएमएल ५ च्या मसुद्यातली ही सोय २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने आणि २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ने दिली. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीला निरोप पाठवायचा. ब्राउझर तो पोचवतो आणि सोबत पाठवणाऱ्याचा ओरिजिन स्वतः लिहून देतो. हे शेवटचं महत्त्वाचं. पाठवणाऱ्याला आपलं नाव खोटं सांगता येत नाही, कारण ते तो सांगतच नाही, ब्राउझर सांगतो.

पण अर्धं काम राहून गेलं होतं, आणि ते कुणी शोधलं हे मला फार आवडीने सांगावंसं वाटतं. स्टॅनफर्डमधले ॲडम बार्थ, कॉलिन जॅक्सन आणि जॉन मिचेल यांनी २००८ मध्ये चौकटींच्या संवादावर एक शोधनिबंध सादर केला. ते म्हणाले, या दोन्ही रीती नेटवर्कवरच्या सुरक्षित संवादाच्या जुन्या पद्धतींसारख्या तपासून पाहू. हॅशच्या युक्तीत निरोप गुप्त राहत होता, कारण तो योग्य पानालाच वाचता येई. पण तो कुणी लिहिला हे वाचणाऱ्याला कळत नसे. ती उणीव भरून काढायला काही मंचांनी जी हस्तांदोलनं रचली होती त्यांत या तिघांना एक ओळखीचा दोष सापडला. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत तसाच दोष होता, आणि तो गॅव्हिन लोव यांना १९९५ मध्ये, तब्बल सतरा वर्षांनी दिसला होता. पोस्टमेसेजचं दुखणं बरोबर उलट होतं. पाठवणारा कोण हे कळत होतं, घेणारा कोण याची खात्री नव्हती. निरोप ‘त्या चौकटीला’ जायचा. तेवढ्यात कुणी त्या चौकटीत दुसरंच पान उघडून ठेवलं असेल, तर निरोप त्या पानाच्या हाती पडायचा. खोलीच्या क्रमांकावर पाठवलेलं पत्र, आत कोण राहतं हे न विचारता आत सरकवण्यासारखं. त्यांच्या सूचनेवरून पोस्टमेसेजला आणखी एक जागा मिळाली: हा निरोप अमुक ओरिजिनसाठीच आहे. चौकटीत दुसरं कुणी असेल तर ब्राउझर निरोप देत नाही, टाकून देतो.

आज या जागी पुष्कळ जण तारांकन लिहितात. तारांकन म्हणजे ‘कुणीही वाचा’. उंचीच्या निरोपाला ते चालेल. ८४० हा आकडा परक्याने वाचला म्हणून काही बिघडत नाही. पण त्याच सवयीने लॉगिनचं टोकन पाठवलेलं मी पाहिलं आहे, तेही एकदा नाही. दुसरी सवय घेणाऱ्या बाजूची. निरोप आला की तो कुणाचा हे तपासायचं असतं, आणि ते तपासणं अनेकदा असं लिहिलेलं असतं: पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘मंच.कॉम’ ही अक्षरं आहेत का? आहेत, मग ठीक. पण ‘मंच.कॉम.लबाड.इन’ या पत्त्यातही ती अक्षरं आहेत, आणि तो पत्ता कुणालाही विकत घेता येतो. ओरिजिन पूर्णच्या पूर्ण, अक्षरन् अक्षर जुळवायचा. यात सूट घेण्यासारखं एकही कारण मला आजवर भेटलेलं नाही.

आणखी एक बाब नवख्यांना छळते. पोस्टमेसेज निरोप साठवून ठेवत नाही. यजमानाने निरोप पाठवला त्या क्षणी ॲपचा कान उघडा नसेल, तर निरोप हरवला. तक्रार नाही, चूक नोंदली जात नाही. कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर सगळं सुरळीत चालतं आणि गावातल्या मोबाइलवर ॲप नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून आधी ॲपने ‘मी तयार आहे’ म्हणायचं आणि त्यानंतरच यजमानाने पहिला निरोप द्यायचा, अशी रीत पडली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचाने २०२४ मध्ये आपल्या ‘ॲक्टिव्हिटी’, म्हणजे चौकटीतली ॲप, बाहेरच्या प्रोग्रामरांना बांधायला दिल्या तेव्हा त्यांच्या लायब्ररीतही सुरुवात अशाच हस्तांदोलनाने होते. ॲप स्वतःची ओळख देतं, डिस्कॉर्ड ‘रेडी’ म्हणून उत्तर देतं आणि त्यानंतर बाकीचं बोलणं.

आता सगळ्यात नाजूक निरोप. चौकटीसमोर बसलेला माणूस कोण आहे, हे ॲपला कसं कळावं? खेळाचे गुण कुणाच्या नावावर मांडायचे?

फेसबुकने सुरुवातीला जे केलं ते त्या काळात कुणालाही सुचलं असतं. चौकट उघडताना ॲपच्या पत्त्यातच माहिती जोडून द्यायची: वापरणाऱ्याचा क्रमांक अमुक. पण ब्राउझरची एक जुनी सवय आहे. एखाद्या पानाने दुसऱ्या सर्व्हरवरून चित्र किंवा जाहिरात मागवली की ब्राउझर त्या सर्व्हरला सांगतो, ‘मी या पानावरून आलो.’ याला रेफरर म्हणतात, आणि त्यात तेव्हा पूर्ण पत्ता जायचा. ॲपमध्ये जाहिरात असेल तर जाहिरातवाल्याच्या सर्व्हरवर प्रत्येक भेटीबरोबर त्या माणसाचा फेसबुक क्रमांक आपोआप उतरायचा. तो क्रमांक मिळाला की फेसबुकवर त्याचं नाव सापडायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की फेसबुकवरच्या सगळ्यात लोकप्रिय दहाही ॲपमधून, फार्मव्हिलसकट, असे क्रमांक बाहेरच्या कंपन्यांकडे जात होते. मे २०११ मध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीने त्याहून गंभीर गोष्ट दाखवली. लॉगिनच्या जुन्या रीतीत पत्त्यात क्रमांकाऐवजी चक्क प्रवेशाचं टोकन यायचं, म्हणजे त्या माणसाच्या खात्याची जादा किल्ली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे एप्रिल २०११ मध्ये सुमारे एक लाख ॲपमधून ही गळती होत होती. बहुतेक ॲपवाल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. भिंत शाबूत होती. निरोप चुकीच्या जागी लिहिला होता, एवढंच झालं होतं.

मग दोन बदल झाले. माहिती पत्त्यातून काढून फॉर्मच्या पोटात, म्हणजे पोस्ट पद्धतीने जायला लागली. आणि ती ‘साइन्ड रिक्वेस्ट’च्या रूपात यायला लागली. ही साइन्ड रिक्वेस्ट एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. मधोमध एक टिंब, टिंबाच्या उजवीकडे मजकूर आणि डावीकडे सही. मजकूर गुप्त नसतो. बेस-६४ ची साधी अक्षरबदली उलटवली की कुणालाही वाचता येतो: क्रमांक, वेळ, देश, भाषा. सही मात्र एचमॅक-शा२५६ नावाच्या गणिताने होते, आणि त्या गणितात मजकुराबरोबर एक गुपित मिसळलेलं असतं, जे फक्त फेसबुक आणि त्या ॲपच्या सर्व्हरला माहीत. मजकुरातला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही, आणि गुपित नसल्यामुळे नवी सही करता येत नाही. जुन्या काळच्या उघड्या सनदेसारखं हे आहे. दरबारात कुणीही वाचावी, पण शिक्का मात्र एकाच ठिकाणी उमटतो. याच सुमारास फेसबुकने १ ऑक्टोबर २०११ पासून सगळ्या ॲपना एचटीटीपीएस सक्तीचं केलं.

टेलिग्रामने २०२२ मध्ये आपल्या बॉटमध्ये वेब ॲप उघडायची सोय दिली, आज तिला मिनी ॲप म्हणतात. ब्राउझरमधल्या टेलिग्राममध्ये ती आयफ्रेममध्येच चालतात. त्यांची रीत पाहिली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. वापरणाऱ्याची माहिती सहीसकट येते, आणि ती येते पत्त्यातल्या हॅशपुढच्या भागात. तोच हॅश, ज्यातून एके काळी निरोपांचे तुकडे जात! कारण अगदी व्यवहारी आहे: हॅशपुढचा भाग ब्राउझर कुठल्याच सर्व्हरला पाठवत नाही, रेफररमध्येही नाही. २०१० ची गळती तिथे मुळातच अशक्य. शिवाय त्यांच्या लायब्ररीत ही माहिती दोन रूपांत मिळते. एक कच्ची, सहीसकट, सर्व्हरवर तपासायला. दुसरी सोयीसाठी उलगडलेली, आणि तिच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातला आहे, म्हणजे कोड लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी तो डोळ्यांसमोर दिसावा. तरीही लोक त्याच उलगडलेल्या माहितीतला क्रमांक उचलून सर्व्हरला कळवतात आणि सर्व्हर तो खरा मानतो. मग ब्राउझरमध्ये तो क्रमांक बदलणाऱ्या कुणालाही दुसऱ्याच्या नावावर खेळता येतं. सही आली आहे, ती तपासा. तपासताना ती किती जुनी आहे हेही पाहा, म्हणून त्यात वेळ दिलेली असते.

आतापर्यंत यजमानाची काळजी केली. पाहुण्यालाही यजमानापासून जपावं लागतं. २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरमाया ग्रॉसमन यांनी क्लिकजॅकिंग या नावाने एक हल्ला पुढे आणला. एखाद्या भामट्या पानाने तुमचं ॲप आपल्या चौकटीत घ्यायचं, ते पूर्ण पारदर्शक करायचं आणि खाली आपलं मोहाचं बटण ठेवायचं. माणूस बक्षिसाच्या बटणावर बोट ठेवतो, क्लिक मात्र न दिसणाऱ्या चौकटीतल्या ‘खातं काढून टाका’वर पडतं. म्हणून सर्व्हरने सांगायचं असतं की मला फक्त अमक्या मंचानेच चौकटीत घ्यावं. हे सांगायचं साधन आधी एक्स-फ्रेम-ऑप्शन्स होतं, आता कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीमधला (सीएसपी) फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स हा नियम आहे. दोन ओळींचं काम, आणि घाईत हमखास राहून जाणारं.

कुकींचा त्रास वेगळ्याच जातीचा. चौकटीतलं ॲप दुसऱ्या डोमेनवरचं असल्यामुळे त्याची कुकी ब्राउझरच्या नजरेत ‘तिऱ्हाइताची’ ठरते, आणि अशाच कुकींनी जाहिरात कंपन्या माणसांचा माग काढतात. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी वेगळा कप्पा करून त्या वाटून टाकल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये त्या काढून टाकायचा बेत जाहीर केला आणि जुलै २०२४ मध्ये सोडला. माग काढणाऱ्यांना रोखायचा हा निर्णय मला मान्य आहे, जरी त्याचा फटका आमच्यासारख्यांना बसला. आत लॉगिन केलेला माणूस पान बदलताच बाहेर पडलेला दिसायचा आणि तक्रार यायची की ‘ॲप आयफोनवर विसरतं’. आता कुकीवर विसंबायचं नाही. यजमानाने दिलेली सही सर्व्हरवर तपासायची, त्यावर थोडा वेळ टिकणारं आपलं टोकन घ्यायचं आणि ते पानाच्या स्मरणात ठेवायचं. कुकी लागलीच तर ती त्या यजमानापुरतीच राहील अशी विभागलेली ठेवायची.

डिस्कॉर्डने याच्याही पुढे पाऊल टाकलं आहे. बाहेरचं ॲप तिथे डिस्कॉर्डसेज.कॉम या वेगळ्या डोमेनवरून उघडतं, प्रत्येक ॲपला स्वतःचं उपडोमेन. त्यामुळे ॲपची आपापसांतली भिंतही ओरिजिनचीच, आणि डिस्कॉर्डच्या मूळ डोमेनपासून सगळी लांब. ॲपची बाहेरची सगळी वाहतूक डिस्कॉर्डच्या मध्यस्थ सर्व्हरमधून जाते, म्हणून खेळणाऱ्याचा आयपी पत्ता ॲपवाल्याला दिसत नाही. बांधणाऱ्याला हे जाचतं. प्रत्येक बाहेरचा पत्ता आधी नोंदवावा लागतो, नाहीतर साधं चित्रही येत नाही. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र इतकी स्वच्छ व्यवस्था माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

शेवटी एक गळती अशी, जिच्यात निरोपही चुकला नव्हता. २०१३ मध्ये अलेक्सांद्र कोगन या संशोधकाचं एक व्यक्तिमत्त्व-चाचणीचं ॲप फेसबुकवर आलं. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ते घेतलं. तेव्हा फेसबुकची एपीआय माणसाच्या परवानगीवर त्याच्या मित्रांचीही माहिती देत असे. ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली, आणि ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांवर त्याचा परिणाम झाला असावा, असं २०१८ मध्ये फेसबुकने सांगितलं. भारतात ते ॲप घेणारे होते ३३५. त्यांच्या मैत्रीच्या धाग्यांमुळे ओढले गेलेले आणखी ५ लाख ६२ हजार १२०. या लोकांनी ते ॲप कधी पाहिलंही नसेल. कोगन यांनी ही माहिती पुढे देणं नियमात बसत नव्हतं, असं फेसबुकचं म्हणणं होतं. ती गोळा करणं मात्र बसत होतं. मित्रांच्या माहितीचा तो दरवाजा बंद होईल असं फेसबुकने एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं आणि जुन्या ॲपसाठी तो ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाला.

टेलिग्रामचं मिनी ॲप आज उघडलं तर त्याला तुमचं नाव, क्रमांक, भाषा, असलंच तर फोटो, एवढं मिळतं. संपर्कयादी मिळत नाही. फोन नंबर हवा असेल तर ॲपला निरोप पाठवून टेलिग्रामकडे मागावा लागतो, आणि मग टेलिग्राम तुम्हाला विचारतं: या बॉटला तुमचा नंबर द्यायचा का? हा प्रश्न टेलिग्राम स्वतः, चौकटीच्या बाहेर दाखवतं. आतला कोड कितीही चलाख असला तरी त्या ‘हो’च्या बटणापर्यंत त्याचा हात पोचत नाही.